प्रत माहितीसाठी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी वाणिज्य शाखेच्या मुलांना वर्षानुवर्षं पत्रलेखन शिकवलं. डावीकडे काय, उजवीकडे काय, 'विषय' किती शब्दांत, 'संदर्भ' कुठे, याबद्दल त्यांचा आग्रह कडक होता, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून यंदा कार्यालयातल्या ईमेलवर बोलावं असं मी सुचवलं. संयोजकांनी लगेच होकार दिला. शंका आली ती माझ्या घरच्यांना. मेलवर तासभर बोलण्यासारखं असतं काय?

नुसत्या तक्रारी वाचून दाखवायच्या म्हटलं तरी तास अपुरा पडेल. तीन प्रश्न विचारावेत तर उत्तर एकाचंच येतं, आणि तेही सगळ्यांत सोप्या प्रश्नाचं. 'सोबत जोडले आहे' असं लिहिलेलं असतं, जोडलेलं काही नसतं. विषयाच्या जागी मार्चमधल्या बैठकीचं नाव आणि खाली जुलैमधल्या बिलाचं भांडण. सीसीमध्ये वीस जण, त्यांतल्या तिघांचा कामाशी संबंध. 'खालील ट्रेल पाहावा' म्हणून पुढे ढकललेला मेल, ज्याचा तळ गाठेपर्यंत जेवणाची सुट्टी संपते. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे काम अडल्यावर ऐकू येणारं ते वाक्य: 'मी तर मेल केला होता!'

मला आज या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. बाकीच्या तक्रारींवर शिबिरं पुष्कळ होतात. वाक्यं लहान लिहा, मुद्दे पाडा, व्याकरण तपासा. सल्ला चांगला आहे, मीही तो देऊन मानधन घेतलेलं आहे. पण माझी अर्धी नोकरी कागदाच्या काळात आणि अर्धी मेलच्या काळात गेली, आणि दोन्ही पाहिल्यावर माझं मत असं झालं की स्पष्ट वाक्य हा कामाच्या पत्राचा लहान भाग आहे. हे पत्र कोणाचं काम आहे आणि ते त्याने आपलं म्हणून उचललं का, हा मोठा भाग. तो कागदाच्या काळात कार्यालयाची पद्धत सांभाळायची. मेल आला, पद्धत गेली आणि ती गेल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आधी जन्मकथा थोडक्यात. १९७१ साली अमेरिकेत केंब्रिज इथल्या बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिल्यांदा निरोप धाडला. नाव आणि यंत्र यांच्यामध्ये आज आपण टाकतो ते ॲटचं चिन्ह त्याचंच. गंमत अशी की हे दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी-शेजारी होते. निरोप मात्र अर्पानेटच्या जाळ्यातून गेला. पहिल्या निरोपात काय लिहिलं होतं ते टॉमलिन्सन यांना पुढे आठवेना. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला मेल धाडणाऱ्या आजच्या मंडळींनी हा वारसा इमानाने चालवला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट जनतेसाठी खुलं केलं. पुढच्या दहा वर्षांत आवक-जावक लिपिकाचं टेबल ओस पडत गेलं. तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. टपालाला चार दिवस लागायचे तिथे चार सेकंद. त्या चार दिवसांत कागदावर काय काय संस्कार होत होते, याचा हिशेब तेव्हा कोणी केला नाही.

त्या हिशेबाकडे जाण्याआधी सुराचा प्रश्न निकालात काढतो, कारण मेलबद्दल बोलताना सगळे तिथूनच सुरुवात करतात. 'त्याने तसं का लिहिलं?' २००५ साली जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही वाक्यं उपरोधाने आणि काही मनापासून सांगायची, काहींनी आवाजातून आणि काहींनी मेलमधून. समोरच्याला उपरोध कळेल का, याचा अंदाज पाठवणाऱ्यांनी आधी द्यायचा. दोन्ही माध्यमांतल्या लोकांचा अंदाज सारखाच निघाला: साधारण ७८ टक्के वेळा कळेल. आवाजातून प्रत्यक्षात कळलं ७३ टक्के वेळा. मेलमधून ५६. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के मिळाले असते! लिहिणाऱ्याच्या कानात त्याचा स्वतःचा आवाज चालू असतो. पडद्यावर तो उमटत नाही हे त्याला जाणवत नाही.

पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत यात आणखी एक पदर आहे. समोरासमोर 'अहो देशपांडे, ते पत्रक झालं का?' असं मराठीत विचारणारे दोघे जण मेलमध्ये इंग्रजी होतात. मराठीत क्रियापदच आदर सांभाळतं. 'पाठवलंत का' आणि 'पाठवलंस का' यांतला फरक एका अक्षराचा आहे, पण तो नातं सांगून जातो. इंग्रजीत ती सोय नाही. मग माणूस आदराची भरपाई करायला लागतो. आरंभी एक 'डिअर सर', मध्ये दोनदा 'काइंडली', शेवटी 'जेंटल रिमाइंडर'. एवढी मखमल अंथरली की खालची मागणी दिसेनाशी होते. वाचणाऱ्याला वाटतं घाई नाही. आणि ज्याला ही मखमल जमत नाही त्याचा सरळ मेल उद्धट ठरतो. दोघेही मराठी, दोघेही सज्जन, आणि तीन दिवस अबोला. यावर माझा उपाय साधा आहे: समोरचा मराठी असेल तर मराठीत लिहा. देवनागरी आता प्रत्येक फोनवर आहे. अडचण असते ती फक्त त्या मेलच्या प्रती चेन्नईला आणि शिकागोला जाणार असतात तेव्हा.

आता त्या प्रतींकडे वळतो.

इथे बसलेल्यांपैकी कोणी मंत्रालयात, जिल्हा परिषदेत, तहसील कचेरीत काम केलं असेल तर त्यांना शासकीय पत्राचा शेवट डोळ्यांपुढे आणता येईल. सहीच्या खाली 'प्रत' असं लिहून यादी येते. पण ती नुसत्या नावांची यादी नसते. एकाला 'माहितीसाठी सविनय सादर'. दुसऱ्याला 'माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी'. आणि तळाशी 'निवडनस्ती', म्हणजे कार्यालयाच्या फाइलमध्ये राहणारी प्रत. म्हणजे प्रत मिळालेल्या प्रत्येकाला कळतं की या कागदाचं मी काय करायचं आहे: नुसतं वाचायचं, की उठून काम करायचं. निवडनस्तीला तर फक्त स्वस्थ बसून राहायचं असतं. या भाषेची टिंगल आपण सगळ्यांनी केली आहे. पण ते एक शेपूट जोडताना लिपिकाला ठरवावं लागे की कोणाकडून काय हवं आहे.

ईमेल घडवणाऱ्यांनाही हा भेद माहीत होता. १९८२च्या मानकात मुख्य चौकट आणि प्रतीची चौकट वेगळी आहे. पहिलीत ज्यांना उद्देशून पत्र आहे ते, दुसरीत ज्यांना नुसतं कळवायचं ते. सीसी ही अक्षरं कार्बन कॉपीची. पण कार्बनवर प्रती काढायला कष्ट पडायचे. टंकलेखन यंत्रात पाचव्या कागदावर अक्षरं पुसट व्हायची, सातव्यावर भुताटकी. त्यामुळे प्रत कोणाला द्यायची याचा विचार बोटंच करायला लावत. आता नाव जोडायला श्रम नाहीत, तेव्हा विचारही नाही. सीसी कशासाठी वापरला जातो ते तुम्हीच आठवा. साहेबांना कळावं की मी काम करतो. समोरच्याला कळावं की साहेब पाहताहेत. उद्या काही झालंच तर 'तुम्हाला प्रत होती' असं म्हणता यावं. प्रत माहितीसाठी असायची ती आता साक्षीसाठी झाली आहे. साक्षीदार वाढले की काम करणारा आपोआप कमी होतो. 'टू'च्या चौकटीत सहा नावं घालून 'कृपया लक्ष घालावे' असा मेल गेला की सहाही जण आपापल्या जागी बसून लक्ष घालतात, आणि आठवड्याने कोणीच काही केलेलं नसतं. त्यांत आळशी कोणी नसतो. प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटलेलं असतं की उरलेल्या पाचांपैकी ज्याचं काम तो करील.

याची टोकाची आवृत्ती नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेत घडली. एक चाचणीचा मेल चुकून आठ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना गेला. मग लोकांनी 'मला या यादीतून काढा' असं सगळ्यांना कळवायला सुरुवात केली. त्यावर 'सगळ्यांना उत्तर देऊ नका' असं इतरांनी सगळ्यांना उत्तर दिलं. सव्वा तासात सुमारे ५० कोटी मेल त्या यंत्रणेतून फिरले. त्या दिवशी त्या सेवेत ज्याला खरोखर कोणाला काही कळवायचं होतं, त्याचं काय झालं असेल?

कागदाकडे परत येऊ. आमच्या महसुली कार्यालयांत सहा गठ्ठ्यांची पद्धत असते. बाहेरच्यांना ती ठाऊक नसते, म्हणून सांगतो. लिपिकाच्या टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: ज्यांवर आपल्याला कार्यवाही करायची आहे ते; ज्यांत आपण विचारणा केली आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहोत ते, म्हणजे प्रतीक्षाधीन; ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणं; स्थायी आदेशांच्या संचिका; निकाली निघून अभिलेख कक्षात जायचे ते; आणि नष्ट करायचे ते. साहेब तपासणीला आले की गठ्ठे मोजायचे. यात मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो तो दुसरा गठ्ठा. पत्र पाठवलं म्हणून प्रकरण माझ्या टेबलावरून जात नाही. ते नुसतं गठ्ठा बदलतं. उत्तर येईपर्यंत ते माझंच. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र एक, मग स्मरणपत्र दोन, आणि तरी दाद लागली नाही तर अर्धशासकीय पत्र. अर्धशासकीय पत्र म्हणजे पदनामाला न लिहिता माणसाला नावाने लिहिलेलं पत्र. 'प्रिय श्री. अमुक' असं आलं की त्या अमुकाला ते कोणाकडेही सरकवता येत नसे.

मेलच्या पेटीत गठ्ठा एकच, आणि त्यात सगळ्यांत वर काय, तर सगळ्यांत शेवटी आलेलं. पाठवलेल्या मेलांची जागा वेगळी आहे, पण तिथे कोणी जात नाही. 'सेंड' दाबलं की मनातून ओझं उतरतं. प्रतीक्षाधीन गठ्ठाच नाही, तर वाट कोण पाहणार?

आणखी मागे गेलो तरी हेच दिसतं. पत्राचे मायने, कोणाला कसं संबोधावं याचे नमुने सांगणारी मेस्तकं आपल्याकडे होती. परंपरा ती हेमाडपंतांशी जोडते. ते झालं शिष्टाचाराचं. पेशवाईतली पत्रं चाळताना मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या त्या दोन सवयी. एक, पत्र हाती आलं की घेणारा त्यावर पोचल्याची तारीख घाली. 'पै॥' अशी खूण आणि पुढे चंद्रतिथी. इतिहासाच्या अभ्यासकांना त्या नोंदींनी केवढी मदत केली आहे! दुसरी सवय उत्तराची. उत्तराच्या आरंभी आपलं पत्र पावलं हे सांगायचं, आणि तुम्ही अमुक लिहिलंत, तमुक लिहिलंत असा आलेल्या पत्रातला मजकूर थोडक्यात परत मांडायचा. मग आपलं म्हणणं. शनिवारवाड्यातून दिल्लीकडे गेलेल्या जासुदाला वाटेत आठवडे लागत, तेव्हा ही पुनरुक्ती म्हणजे शाईची उधळपट्टी नव्हती. लिहिणाऱ्याला आपलं कोणतं म्हणणं पोचलं आणि कोणतं निसटलं हे तिच्यावरून कळे. आज विमानाचा वैमानिक नियंत्रण कक्षाची सूचना शब्दशः परत म्हणतो, त्याचं कारण तेच. आपल्या मेलच्या उत्तरात मूळ मजकूर यंत्र आपोआप खाली जोडतं, आणि त्यामुळेच तो कोणी वाचत नाही. वर दोन अक्षरं: 'ओके'. तीनपैकी कोणत्या प्रश्नाला ओके?

कायदाही इथे आपल्या मदतीला पुरत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये पोच आणि पोचल्याची वेळ यांवर बाराव्या आणि तेराव्या कलमांत तरतुदी आहेत. घेणाऱ्याने एखादा संगणक नेमून दिला असेल तर मजकूर त्यात शिरला की तो पोचला असं धरायचं. न्यायालयात तारीख ठरवायला ही व्याख्या योग्यच आहे. पण 'मी तर मेल केला होता' म्हणणारा नेमका या व्याख्येवर उभा असतो. मजकूर यंत्रात शिरला, माझं काम संपलं.

हे किती दूर जाऊ शकतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण अवकाशातलं आहे. ते जरा विस्ताराने सांगतो.

१६ जानेवारी २००३ रोजी फ्लोरिडातून कोलंबिया यान उडालं. आत सात जण होते, त्यांत कर्नालची कल्पना चावला. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. दुसऱ्या दिवशी चित्रफिती तपासताना तो दिसला, पण चित्रं अस्पष्ट होती. लागलं कुठे, किती, हे ठरवता येईना. अभियंत्यांचा एक गट बसला. त्याच्या दोन प्रमुखांपैकी एक होते ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्रातले रॉडनी रोचा. लष्कराकडच्या दुर्बिणी आणि उपग्रह यांनी कक्षेतल्या यानाची छायाचित्रं घेतली तर अंदाज बांधता येईल, असं गटाचं मत पडलं. २१ जानेवारीला रोचा यांनी अभियांत्रिकी विभागातल्या आपल्या वरिष्ठांना मेल लिहिला. बाहेरच्या संस्थेकडे मदतीची विनंती करता येईल का, असं विचारताना त्यांनी विनंतीच्या पुढे कंसात याचनेचा शब्द घातला. म्हणजे मखमल नव्हती. गरज किती आहे हे वाक्यातच होतं.

हीच मागणी दुसऱ्या वाटेने हवाई दलापर्यंत जाऊनही पोचली होती. २२ तारखेला मोहिमेच्या व्यवस्थापन समितीच्या प्रमुख लिंडा हॅम यांनी चौकशी केली: छायाचित्रं नेमकी कोणाला हवी आहेत? अनेकांना विचारलं. ज्या गटाला हवी होती त्यालाच तेवढं विचारलं गेलं नाही. अधिकृत गरज कोणी नोंदवलेली दिसेना, तेव्हा मागणी रद्द झाली. रोचा यांची विनंती मोहिमेच्या अधिकृत साखळीतून न जाता अभियांत्रिकीच्या साखळीतून गेली होती. एका बाजूला 'मिळतील का' असं विचारणारा, दुसऱ्या बाजूला 'कोणाला हवी आहेत' असं विचारणाऱ्या. दोन्ही प्रश्न एकाच इमारतसमूहात, त्याच दोन दिवसांत, आणि दोघांची गाठ नाही.

नकार कळल्यावर रोचा यांनी आणखी एक मेल लिहिला. हा निर्णय चुकीचा आहे आणि बेजबाबदारपणाच्या काठावर आहे, असं त्यात स्पष्ट होतं. सुरक्षित नसेल तर तसं बोला, असं सांगणारी भित्तिपत्रकं केंद्रात जागोजागी लावलेली होती, त्यांचीही आठवण त्यांनी करून दिली होती. हा मेल त्यांनी छापून एका सहकाऱ्याला दाखवला आणि पाठवला मात्र नाही. नंतर त्यांनी कारण सांगितलं: आपल्या पायरीच्या फार वर मेल पाठवू नये, असं अभियंत्यांना सांगण्यात आलं होतं.

२३ तारखेला दोन मेल गेले. एक लष्कराला: सहकार्याबद्दल आभार, यान उत्तम स्थितीत आहे, आणि यापुढे अशी मागणी अधिकृत मार्गानेच येईल याची काळजी घेतली जाईल. दुसरा यानातल्या कप्तान आणि वैमानिकाला. फोम आदळला आहे, तज्ज्ञांनी पाहिलं आहे, परतीच्या प्रवासाला अजिबात चिंता नाही. पत्रकारांनी विचारलं तर तुम्ही गोंधळू नये म्हणून कळवतो, असा त्याचा सूर होता. माहितीसाठी प्रत, दुसरं काय. अभियंत्यांच्या गटाने आपलं विश्लेषण वरिष्ठांपुढे मांडलं ते दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला.

शेवटच्या दिवसांत लँगली केंद्रातले रॉबर्ट डॉअर्टी हे चाकांचे जाणकार आणि ह्यूस्टनमधले काही अभियंते आपसात मेल करत होते. उष्णता चाकांच्या कप्प्यात शिरली तर काय होईल, टायर फुटले तर उतरताना काय करावं लागेल. ही चर्चाही मोहिमेच्या व्यवस्थापकांपर्यंत गेली नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर कोलंबिया टेक्ससच्या आकाशात विखुरलं. सातही जण गेले. जुलैत सॅन अँटोनिओ इथे पंखाच्या कडेच्या खऱ्या भागावर फोमचा तुकडा तोफेतून मारून पाहिला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटरचं भोक पडलं. अ‍ॅडमिरल गेहमन यांच्या चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्ट २००३ मध्ये आला. त्यात यांतले बरेच मेल छापलेले आहेत.

ईमेलमुळे यान पडलं, असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. वेळापत्रकाचा दाब होता, पैशांची ओढाताण होती, फोम नेहमीच सुटतो आणि काही होत नाही अशी सवय झाली होती. अहवाल या सगळ्याबद्दल बोलतो. मी तो वाचताना एक शोधत होतो: यात न समजण्यासारखं वाक्य कोणतं? मला सापडलं नाही. रोचा यांचा मेल शिबिरात आदर्श म्हणून दाखवावा इतका नेमका आहे. डॉअर्टींचेही तसेच. वाक्यं चोख, विषय चोख, आणि तरी त्यांतला एकही मेल कोणाच्या टेबलावर 'कार्यवाहीस प्रलंबित' असा पडला नाही.

इथे तुमच्यातला एखादा निवृत्त अव्वल कारकून मला अडवील, आणि अडवावंच. 'तुम्ही मघापासून पद्धतीचे गोडवे गाताय. ती विनंती मारली कोणी? अधिकृत मार्गानेच या, असं म्हणणाऱ्या पद्धतीनेच ना?' आक्षेप खरा आहे. नस्ती वर्षभर एका टेबलावर झोपल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. सहा गठ्ठे व्यवस्थित आणि माणूस चकरा मारून थकलेला, हेही पाहिलं आहे. मला मार्ग नको आहे, मार्गातली एक गोष्ट हवी आहे. नस्तीवर कनिष्ठ लिपिक टिप्पणी लिहितो, तिच्याखाली अव्वल कारकून, त्याखाली नायब तहसीलदार, त्याखाली साहेब. सगळे एकाच कागदावर. साहेबांना ती टिप्पणी पटली नाही तर तिच्या खालीच 'नामंजूर' लिहून सही करावी लागते. लिपिकाचं म्हणणं पुसलं जात नाही. आणि साहेबांनी नुसतं 'पाहिले' असं लिहून नस्ती परत पाठवली, तर तेही सहीनिशी दिसत राहतं. वरच्याला मौन पाळता येत नाही, पाळलं तर त्या मौनाचीही नोंद होते. ह्यूस्टनमध्ये ज्ञान मेलमध्ये होतं आणि अधिकार बैठकीत होता. दोघांना एकत्र आणणारा एक कागद नव्हता, जिथे रोचा यांच्या वाक्याच्या खाली कोणाला तरी 'नको' लिहून सही करावी लागली असती.

मग आता आपण करावं काय? नस्त्या परत आणा, असं मी म्हणत नाही. चक्र उलटं फिरत नाही, आणि आता तर मेलही मागे पडून व्हॉट्सॲपचे गट आले आहेत. तिथे निळ्या खुणा दिसतात. पाहिलं हे कळतं, पत्करलं का हे कळत नाही. शिवाय नवा मदतनीस आला आहे: यंत्राला सांगितलं की ते चार परिच्छेदांचा निर्दोष मेल लिहून देतं, आणि पलीकडे दुसरं यंत्र त्याचा दोन ओळींत सारांश करून दाखवतं. व्याकरणाची चिंता मिटली म्हणायची. पण कोणत्या नावाने हा मेल जावा आणि त्या नावाच्या माणसाने नेमकं काय करावं, हे ठरवायला अजून लिहिणाऱ्यालाच बसावं लागतं. सुबक मेल फुकट मिळू लागल्यापासून लोक ते ठरवायचंच टाळतात, असं माझं निरीक्षण आहे.

म्हणून मी ज्यांना शिकवतो त्यांना मोजकंच सांगतो. मुख्य चौकटीत एक नाव. फार तर दोन, पण मग कोणाचं काय ते वेगळं लिहायचं. प्रती ज्यांना जातात त्यांना त्या का जातात हे शेवटच्या ओळीत सांगायचं, शासकीय पत्रासारखं. लोक हसतात, आणि मग करू लागतात. उत्तर देताना आलेले प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत लिहायचे आणि प्रत्येकासमोर उत्तर, किंवा 'हे माझ्याकडे नाही, अमुकांकडे आहे' असं. तीन मेल इकडून तिकडे झाले आणि गुंता सुटला नाही तर फोन उचलायचा, आणि फोन ठेवल्यावर काय ठरलं ते दोन ओळींत लिहून पाठवायचं. पाठवलेल्यांतले ज्यांची उत्तरं यायची आहेत त्यांचा एक कप्पा करून शुक्रवारी तो उघडायचा. हाच तो दुसरा गठ्ठा.

तरुण मुलं मला दरवेळी एकच विचारतात: 'सर, हे बरोबरीच्यांना ठीक आहे. वरिष्ठांना नाव घालून, मुदत घालून कसं लिहायचं?' खरं आहे, लिहिता येत नाही. रोचांना आला नाही तो धीर पंचविशीतल्या मुलीने आणावा अशी अपेक्षा मी करणार नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मी कनिष्ठांचे वर्ग कमी केले आणि वरिष्ठांचे घेऊ लागलो. त्यांना मी कोलंबियाचे मेल वाचायला देतो आणि २२ जानेवारीच्या दिवशी ते लिंडा हॅम असते तर काय लिहिलं असतं, ते लिहून मागतो. बहुतेक जण लांबलचक लिहितात. कधीतरी एखादा दोन ओळींत लिहितो: 'रोचा, छायाचित्रं तुमच्या गटाला हवी आहेत असं कळलं. ती का हवीत आणि मिळाली नाहीत तर काय कळणार नाही, हे मला आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. नकार द्यायचा झाला तर मी तो कारणासह तुम्हालाच लिहीन.' वरून खाली असा मेल लिहायला पायरी ओलांडावी लागत नाही आणि मार्ग आडवा येत नाही. पदावरच्या कोणालाही तो आज दुपारी लिहिता येईल.